पोटगीच्या हिशेबातील लपलेली वाडी

घटस्फोटाचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन गोष्टींची चर्चा होते. दोष कोणाचा, ही पहिली. आणि अब्रू कोणाची गेली, ही दुसरी. तिसरी गोष्ट उघडपणे कोणी बोलत नाही, ती म्हणजे पैसा. मोडलेल्या संसारात दरमहा किती पैसा येत होता, तो कोणाच्या नावे जमा होत होता आणि न्यायालयाने विचारल्यावर त्यातला किती सांगितला गेला, या प्रश्नांच्या उत्तरांवर एका बाईचे आणि तिच्या मुलांचे पुढील आयुष्य अवलंबून असते. हुंडा, स्त्रीशिक्षण, स्त्रीमुक्ती या विषयांवर महाविद्यालयांच्या वार्षिकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्या मानाने रुक्ष वाटणाऱ्या एका विषयाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. तो विषय म्हणजे घटस्फोटाच्या वा पोटगीच्या दाव्यात जोडीदाराने आपले उत्पन्न आणि मालमत्ता लपविणे.

मी डहाणू तालुक्यातील चिखले गावची. पश्चिमेला समुद्र आणि सुरूची बने, पूर्वेला रेल्वेचे रूळ, आणि मध्ये चिकूच्या वाड्या, भातखाचरे आणि पाडे, असे आमचे गाव. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु ज्या गावात पैसा झाडावर लागतो आणि जाळ्यात येतो, त्या गावात पगाराची पावती नावाची वस्तू फार थोड्या घरांत सापडते. म्हणूनच हा विषय शहरापेक्षा आमच्याकडे अधिक अवघड आहे, आणि मला तो अधिक जवळचा वाटतो.

कायदा पत्नीला काय देतो?

प्रथम एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोला मिळते, असे अनेक सुशिक्षित माणसेही समजतात. गोव्याचा अपवाद सोडला, तर आपल्या देशात असा नियम नाही. जमीन, घर वा बँकेतील ठेव ज्याच्या नावे असेल, ती घटस्फोटानंतरही त्याचीच राहते. स्त्रीधन मात्र पत्नीचे असते. ते तिच्या पूर्ण मालकीचे असून पती वा सासर त्याचे केवळ सांभाळणारे ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. याखेरीज तिला मागता येते ती पोटगी.

हिंदूंना घटस्फोटाचा हक्क आपल्या भागात १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने मिळाला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा घटस्फोट शक्य झाला. या कायद्याच्या २४ व्या कलमाने दावा चालू असतानाची, तर २५ व्या कलमाने कायमची पोटगी मागता येते. ही दोन्ही कलमे पतीलाही खुली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. याशिवाय धर्म कोणताही असो, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पूर्वी हे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झाले आहे.

या साऱ्या कलमांचा कणा एकच आहे: देणाऱ्याची ऐपत आणि घेणाऱ्याची गरज. ऐपत म्हणजे उत्पन्नाचा आकडा. मालमत्तेत वाटा नसल्यामुळे पत्नीचे सारे भवितव्य या एका आकड्यावर येऊन ठेपते. आणि तो आकडा ठाऊक असतो तो प्रामुख्याने प्रतिपक्षालाच! दाव्यातील निर्णायक वस्तू ज्याच्या खिशात, त्यालाच ती दाखविण्यास सांगायचे, अशी ही विलक्षण परिस्थिती आहे.

आकड्याला किती महत्त्व असते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे शाहबानो खटला. इंदूरच्या या वृद्ध महिलेला १९७९ साली दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी दिली. वकिली करणाऱ्या पतीचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, असे तिचे म्हणणे होते. १९८० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही रक्कम १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या खटल्यावरून देशात जे वादळ उठले ते धर्माच्या प्रश्नावर. २५ आणि ५,००० या दोन आकड्यांमधील अंतराकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. त्या काळी कायद्यातच दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. मर्यादा गेल्यानंतर तर खरे उत्पन्न किती, हा प्रश्न अधिकच कळीचा झाला.

'मी मजुरीवर आहे'

आमच्या आळीतील एका भगिनीने काही काळापूर्वी एक कागद वाचून दाखविण्यासाठी माझ्याकडे आणला. तिने पोटगीचा अर्ज केला होता आणि पतीचे लेखी उत्तर आले होते. त्यात लिहिले होते की, मी मोलमजुरी करतो, महिना सहा हजार रुपये मिळतात, वाडी वडिलांच्या नावे आहे, सबब पोटगी देण्याची माझी ऐपत नाही. ती बाई शाळेत चौथीपर्यंतच गेलेली. कागद ऐकून ती रडेल, असे मला वाटले. परंतु ती रडली नाही. तिने विचारले, "आणि ऐंशी झाडांचे काय लिहिले आहे?"

मग ती सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. झाडे किती, त्यांतली जुनी किती. तोडणी कोणत्या महिन्यांत जास्त असते. एका तोडणीत किती क्रेट भरतात. माल कोणता व्यापारी उचलतो आणि पैसे हातात देतो की बँकेत टाकतो. विहिरीवरच्या मोटरचे बिल कोणाच्या नावे येते. सोसायटीचे पीककर्ज कोणी उचलले. खताच्या गोण्या कोणाच्या खात्यावर लिहिल्या. दीड पान भरले. यातील एकही गोष्ट तिने चोरून मिळविली नव्हती. सोळा वर्षे त्या वाडीत राबताना तिला ती आपोआप ठाऊक झाली होती. तिच्या वकिलांनी तो मजकूर तिच्या प्रतिज्ञापत्रात घेतला. अर्ज अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे योग्य होणार नाही. परंतु त्या दीड पानाने मला या विषयाच्या अभ्यासाकडे वळविले.

एक साधा हिशेब करून पाहू. चिकूची लागवड दहा मीटर अंतरावर केली, तर एकरात सुमारे ४० झाडे बसतात. म्हणजे ८० झाडे दोन एकरांत आली. समजा, एका झाडापासून वर्षाला १०० किलो फळ मिळाले आणि किलोला सरासरी २० रुपये भाव पडला. एकूण १,६०,००० रुपये झाले. यातला निम्मा पैसा खत, पाणी, तोडणी आणि वाहतुकीत गेला असे धरले, तरी ८०,००० रुपये उरतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. भाव कोसळतो, पाऊस लांबतो, फळ गळते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. परंतु उत्तरात वाडीच्या रकान्यापुढे जे शून्य लिहिले होते, ते या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. त्यामुळे विवरणपत्र नाही, आणि विवरणपत्र नाही म्हणून पुरावा नाही, असे समजून पुष्कळ जण निर्धास्तपणे खोटे लिहितात. कागद नसणे म्हणजे उत्पन्न नसणे, असा हा युक्तिवाद आहे.

नागपूरहून दिल्लीला गेलेला खटला

या युक्तिवादाला मोठा धक्का दिला तो महाराष्ट्रातीलच एका खटल्याने. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने तो ओळखला जातो. जानेवारी २०१३ मध्ये, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, पत्नीने पतीचे घर सोडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ साली पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आरंभी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली हा आदेश कायम ठेवला. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याला नोकरी नाही आणि एवढी रक्कम देण्याची ऐपत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तर त्याने बांधकाम प्रकल्पांत आणि इतर धंद्यांत पैसे गुंतविले आहेत आणि उत्पन्न आईवडिलांकडे वळविले आहे, असे पत्नीचे म्हणणे होते. उत्पन्न आहे की नाही, याच वादात सात वर्षे गेली. जन्माच्या वेळचे मूल शाळेत जाऊ लागले.

४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. त्यांनी नागपूरचा आदेश तर कायम ठेवलाच, शिवाय साऱ्या देशातील न्यायालयांसाठी एक पद्धत घालून दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने कुसुम शर्मा खटल्यात अशा प्रतिज्ञापत्राचा उपक्रम आधीच सुरू केला होता. आता तो सर्वत्र लागू झाला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे, असा हा दंडक आहे.

त्याचे मुख्य नियम थोडक्यात असे: प्रतिवादीने चार आठवड्यांच्या आत उत्तरासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे. त्यासाठी दोनपेक्षा अधिक संधी देऊ नयेत. हेतुपुरस्सर टाळाटाळ झाली, तर न्यायालय त्याचा बचाव काढून टाकू शकते. प्रतिज्ञापत्र आलेच नाही, तर अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र आणि दाव्यातील कथने यांच्या आधारे निर्णय देता येतो. मध्यंतरी उत्पन्न बदलले, तर सुधारित प्रतिज्ञापत्र द्यावे. खोटे लिहिल्यास खोट्या पुराव्याबद्दल आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल कारवाई होऊ शकते. प्रतिज्ञापत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मोठे आहे. पूर्वी जितका विलंब तितका देणाऱ्याचा फायदा होत असे. आता विलंबाने थकबाकी वाढते.

शेतकऱ्यासाठी वेगळा नमुना

निकालाला प्रतिज्ञापत्रांचे नमुने जोडलेले आहेत. पहिला सर्वसाधारण, दुसरा शेतीवर जगणाऱ्यांसाठी आणि तिसरा मेघालय राज्यासाठी. आमच्यासारख्या गावाच्या दृष्टीने दुसरा नमुना फार मोलाचा आहे.

त्यात एकूण जमीन किंवा सामाईक जमिनीतील हिस्सा किती, मालकीचे आणि फेरफाराचे कागद कोणते, जमीन ओलिताची की कोरडवाहू, शेती आहे की बागायत, वर्षभरात कोणती पिके घेतली, गेल्या तीन वर्षांत उत्पन्न किती झाले, दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटाईने केली आहे काय, हे सारे लिहावे लागते. पडीक जमिनीचा दुसरा काही वापर होत असेल, तर तोही सांगावा लागतो. गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, दुग्धव्यवसाय, मत्स्यपालन, जमिनीवर काढलेले कर्ज, उत्पन्नाची अन्य साधने, असे एकामागून एक प्रश्न आहेत. 'मी मजुरीवर आहे' हे एक वाक्य या प्रश्नांपुढे टिकत नाही. पहिल्या नमुन्यात तर आणखी एक सोय आहे. जोडीदाराच्या उत्पन्नाविषयी आणि मालमत्तेविषयी आपल्याला जे ठाऊक असेल, ते लिहिण्यास त्यात स्वतंत्र जागा आहे. बाईच्या डोक्यातील हिशेबाला न्यायालयाने कागदावर जागा दिली आहे, ती येथे.

दारिद्र्यरेषेखालील किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या पक्षकारांना न्यायालय प्रतिज्ञापत्रातून सूट देऊ शकते. ही सवलत न्याय्य आहे. परंतु वाडीचा मालक रोजंदार म्हणवून घेऊ लागला, तर तो तिचा दुरुपयोग होईल. म्हणून सूट मागणाऱ्याचा सातबारा पाहणे अगत्याचे आहे.

लपविण्याच्या तऱ्हा आणि त्यांवरील उपाय

उत्पन्न आणि मालमत्ता लपविण्याच्या तऱ्हा सर्वत्र सारख्याच आढळतात. पहिली तऱ्हा नाव बदलण्याची. भांडण सुरू होताच जमीन भावाच्या नावे बक्षीसपत्राने जाते, किंवा वडिलार्जित हिश्शाचे हक्कसोड पत्र होते. परंतु असे दस्त नोंदवावे लागतात, आणि नोंदीला तारीख असते. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन आणि तलाठ्याकडील फेरफार मागविले, की जमीन कधी आणि कोणाकडे गेली ते कळते. बायको माहेरी गेल्यानंतरच्या महिन्यात बक्षीसपत्र झाले असेल, तर ती तारीखच पुरेशी बोलकी असते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे, ज्या स्थावर मिळकतीच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क आहे ती मिळकत फुकट दिली गेली, किंवा घेणाऱ्याला त्या हक्काची कल्पना होती, तर तो हक्क नव्या मालकाविरुद्धही बजावता येतो.

दुसरी तऱ्हा नोकरी सोडण्याची. यावर दिल्ली उच्च न्यायालयाने १९६८ सालीच चंद्रप्रकाश विरुद्ध शीला राणी या खटल्यात उत्तर दिले आहे. धडधाकट माणूस कमावण्यास समर्थ आहे, असे न्यायालय धरून चालेल आणि तसे नसल्यास ते त्याने सिद्ध करावे. जी गोष्ट विशेषेकरून ज्याच्या माहितीची, तिचा पुरावा त्याने द्यावा, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. उत्पन्नाच्या बाबतीत ते चपखल लागू पडते.

तिसरी तऱ्हा रोखीची. चिकू रोखीने विकला किंवा मासळी किनाऱ्यावरच लिलावात गेली, तरी मागे खुणा राहतात. पीककर्ज घेताना त्याच माणसाने सोसायटीला आपले पीक सांगितलेले असते. होडीला मासेमारीचा परवाना असतो. विजेचे बिल, मोटारसायकलचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी आणि बँकेचे पासबुक यांचा मेळ सहा हजारांच्या मजुरीशी बसतो का, एवढेच पाहायचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या आदेशाने प्रतिपक्षाला लेखी प्रश्न विचारता येतात आणि कागद हजर करण्यास सांगता येते. माहितीच्या अधिकारात नवऱ्याच्या पगाराची माहिती पत्नीला मिळावी, असा निर्णय नागपूर खंडपीठाने २०१८ साली दिला होता; परंतु २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचे कलम कडक केले. यास्तव न्यायालयामार्फत कागद मागविणे हाच भरवशाचा मार्ग होय.

चौथी तऱ्हा परदेशाची. मुलगा परगावी नव्हे, परदेशी नोकरीला असला म्हणजे त्याचा पगार इथे कोणाला ठाऊक नसतो. नमुन्यात त्यासाठीही रकाने आहेत. परक्या चलनातील पगार, तेथील खर्च आणि कर, सारे लिहावे लागते.

लपविणारे फक्त पुरुषच असतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नोकरी असून ती न सांगणारी, किंवा एका न्यायालयातून मिळणारी पोटगी दुसऱ्या न्यायालयापासून दडवणारी पत्नीही आढळते. म्हणूनच प्रतिज्ञापत्र दोघांनी द्यायचे असते. पूर्वीच्या पोटगीचे आदेश उघड करणे बंधनकारक आहे, आणि आधी मिळालेल्या रकमेची वजावट न्यायालय विचारात घेते.

पाड्यावरचा प्रश्न

डहाणू आणि तलासरीत वारली समाज मोठा आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. त्यामुळे पाड्यावर काडीमोड होतो तो रूढीप्रमाणे, पंचांसमोर. तेथे प्रतिज्ञापत्र नसते आणि हिशेबही बहुधा तोंडीच असतो. याचा अर्थ वारली भगिनीला कायद्याचे दार बंद आहे, असा नाही. कलम १४४ ची पोटगी सर्वांसाठी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानेही निर्वाहाची रक्कम आणि राहत्या घराचे संरक्षण मागता येते, आणि २०२० च्या निकालाचे प्रतिज्ञापत्र याही अर्जांना लागू आहे.

तिच्या हाती आणखी एक वस्तू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांना मिळणारा वनपट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे संयुक्त असतो, आणि तो विकता येत नाही. या जमिनीपुरती ती पोटगी मागणारी नसून बरोबरीची धारक आहे. पट्टा घरात कुठे ठेवला आहे आणि त्यावर आपले नाव आहे, हे तिला ठाऊक असणे एवढेच गरजेचे. या मातीने, कष्ट एकाचे आणि वही दुसऱ्याची, ही व्यवस्था फार काळ पाहिली. १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याचा आम्ही आदराने उल्लेख करतो. तीच व्यवस्था एखाद्या घराच्या चार भिंतींत चालू राहिली, तर तिलाही तेच नाव द्यावे लागेल.

इतर ठिकाणचा अनुभव

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची वेगळी पद्धत आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि ताटातूट झाल्यास निम्मी निम्मी वाटली जाते. पत्नीच्या संमतीविना नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. त्यामुळे तेथे प्रश्न उत्पन्नापेक्षा मालमत्तेच्या यादीचा असतो. यादीतून वस्तू वगळण्याचा मोह तेथेही होऊ शकतो. पण मागणारी व्यक्ती मालक म्हणून उभी असते, हा फरक लहान नाही.

इंग्लंडमध्ये दोघांनीही आपली संपूर्ण आर्थिक स्थिती उघड करणे, हे कर्तव्य मानले जाते. १९८० च्या दशकात तेथील सर्वोच्च पीठाने एक तडजोड रद्द केली, कारण आपला दुसरा विवाह ठरला आहे, ही गोष्ट पत्नीने लपविली होती. १४ ऑक्टोबर २०१५ रोजी शारलँड आणि गोहिल या दोन खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नवऱ्यांनी खरी माहिती दडवल्यामुळे जुन्या तडजोडी पुन्हा उघडण्यास मुभा दिली. गोहिल खटल्यातील तडजोड तर २००४ सालची होती.

कॅलिफोर्नियातील रॉसी खटला याहून चमत्कारिक आहे. १९९६ च्या डिसेंबरअखेर पत्नीला लॉटरीत सुमारे तेरा लाख डॉलरचा वाटा लागला. तिने तो नवऱ्याला सांगितला नाही आणि लगेच जानेवारीत घटस्फोटाचा अर्ज केला. दोन-अडीच वर्षांनी एका कंपनीचे पत्र नवऱ्याच्या पत्त्यावर आले आणि बिंग फुटले. प्रामाणिकपणे सांगितले असते, तर निम्मी रक्कम तिच्याकडे राहण्याची शक्यता होती. लपविल्यामुळे न्यायालयाने सगळी रक्कम नवऱ्याला दिली, आणि २००१ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. असा दंड आपल्या कायद्यात नाही. पण लपविणाऱ्याला लपविण्याचाच तोटा व्हावा, हे तत्त्व आपणही घेण्याजोगे आहे.

आपण काय करू शकतो?

नियम झाला म्हणजे काम झाले, असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिती विरुद्ध जितेश शर्मा या खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयालाच खेद व्यक्त करावा लागला, की २०२० चा निकाल असूनही प्रतिज्ञापत्रांविना पोटगीचे आदेश होत आहेत. आणि तो निकाल सर्व उच्च न्यायालयांकडे पुन्हा पाठवावा लागला. मागणाऱ्याने मागितले नाही, तर नमुना कागदावरच राहतो. म्हणून पहिले काम माहिती पोहोचविण्याचे आहे. कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते आणि बंधारे होतात, ते व्हावेतच. त्याबरोबर एक संध्याकाळ सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचायला शिकविण्यासाठी ठेवता येईल. भूलेख संकेतस्थळावर सातबारा कोणालाही पाहता येतो.

दुसरे काम लग्न टिकलेल्या घरांतले आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, आणि त्यातून पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. पतीने हयातीतच जमिनीचा भाग पत्नीच्या नावे करावा, असा तो विचार. १९९२ साली शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी परिपत्रक काढले. भांडण झाल्यावर हिशेब मागण्यापेक्षा गोडीगुलाबीत नाव लागणे केव्हाही चांगले. नाव लागलेली जमीन कोणत्याही उत्तरात शून्य म्हणून लिहिता येत नाही.

काही जण म्हणतील, नवरा-बायकोच्या नात्यात असे हिशेब आले की प्रेम संपते. मला हे पटत नाही. दुकानातील भागीदार दर दिवाळीला वही उघडतात, त्यामुळे त्यांची मैत्री तुटत नाही. वही लपविली गेली म्हणजे मात्र तुटते. संसारात बाई बिनपगारी भागीदार असते. वाडीला पाणी तिने घातलेले असते, मासळी तिने विकलेली असते, सोसायटीचा हप्ता तिने आठवणीने भरायला लावलेला असतो. ज्या दिवशी ती न्यायालयात उभी राहते, त्या दिवशी ती दया मागत नसते. तिला ठाऊक असलेला हिशेब दुसऱ्यानेही खरा सांगावा, एवढीच तिची मागणी असते. कायद्याने तिला तो विचारण्याचा नमुना दिला आहे. तो नमुना तिच्या हाती पोहोचविणे आणि तिने सांगितलेले मन लावून लिहून घेणे, एवढे काम लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.